मक्याचं शेवटचं पाणी

हडपसरच्या आमच्या दीड एकरात त्या साली मका होता, आणि तो शेवटचाच. रान विकलं होतं. पीक निघालं की ताबा द्यायचा, असं कागदावर ठरलेलं. पलीकडे काचेच्या इमारती उठल्या होत्या. त्यांतल्याच एकीत संगणकापुढे बसून मी पगार घेत होते. त्यामुळे आबांपुढे, म्हणजे वडिलांपुढे, उगाच अपराधी वाटायचं आणि त्याचा रागही मी त्यांच्यावरच काढायचे.

मक्याचं पाणी कधी तोडायचं, हे दाणा सांगतो. कणसातून एक दाणा उपटायचा आणि त्याचं बूड नखानं खरवडायचं. तिथे काळा ठिपका दिसला की दाणा भरला, झाडाला आता पाणी नको. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. कालव्याच्या पाण्याची आमची पाळी आली तशी रविवारी त्यांनी मला बांधावर बोलावलं.

"बघ गं, काळं झालंय का?"

झालं होतं. तीन कणसं सोलली, तिन्हींत चांगला ठळक ठिपका. एरवी मी फटकन बोलणारी, पण तेव्हा जीभ रेटेना.

"नाही आबा. अजून पांढरंच आहे."

मग एक पाणी लागंल, असं म्हणून ते खोरं घेऊन गेले आणि दुपारभर एकेका सरीत पाणी वळवत राहिले. मी पाटात पाय सोडून बसले. पाण्यात समोरची काचेची इमारत हलत होती, मोडत होती, पुन्हा जुळत होती. डोळे जड झाले. वाटलं, ही दुपार अशीच चालू राहिली तर कुणाचं काय बिघडणार आहे? सोमवार नको, ताबा नको. फार सुख वाटलं, खरं सांगते.

पुढच्या पाळीला मी न बोलावताच गेले, खोटं तयार ठेवून. आबा पाटाच्या तोंडाशी बसून रानात पाणी घ्यायचं बारं मातीनं बुजवत होते. मी कणसाला हात घातला, तर म्हणाले, "राहू दे. मागल्या पाळीच्या आधीच दाणा चावून बघितला हुता. कडक लागला."

मग मला कशाला बघायला लावलंत, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"माझ्यानं बास म्हणवंना. वाटलं, तू म्हणशील." त्यांनी आणखी एक ढेकूळ बाऱ्यावर ठेवलं. "आता किती दिस तुला खोटं बोलाय लावू?"

मला रडू आवरेना. बारं अजून थोडं पाझरत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि दोन्ही हातांनी माती दाबली.