पूल पायानं बघायचा

आमच्या शेजाऱ्यांचं छावणी भागात सिमेंटचं दुकान आहे, त्यामुळे कुठलाही पूल त्यांना घरचाच वाटतो. एखाद्या रविवारी ते मला स्कूटरवर मागं बसवून गोदावरीच्या उंच पुलाकडं नेतात आणि स्कूटर अलीकडंच लावतात. "गाडीवरून पूल कळत नाय सर, पायानं बघावा लागतो."

मग म्हशीच्या पाठीवर मारावी तशी कठड्यावर थाप मारत ते चालतात. दोन गाळ्यांमधल्या फटीपाशी हमखास थांबतात. "ही जागा मुद्दाम सोडलीय. उन्हात पूल फुगतो. लई डोकं लावलंय."

एसटीच्या खिडकीतून कुणी हात जोडून नदीत नाणं टाकलं, की त्यांचं डोकं फिरतं. "पूल खांबावर उभाय का रुपयावर?"

मागच्या रविवारी आम्ही पुलाच्या मध्यावर असताना शेजारून दोन भरलेले ट्रक गेले. पायाखाली पूल थरथरला. मी कठडा घट्ट धरला.

"हलायलाच पायजे," ते म्हणाले. "हलतो म्हणून तर टिकतो." बोलता बोलता ते एकेक खिसा चाचपत होते. दुकानात सगळे पैसे फोनवर येतात, त्यामुळे नाणं काही निघेना.

"सर, सुट्टा रुपया हाय का?"

मी दिला. त्यांनी तो नदीत सोडला आणि मान खाली घालून उभे राहिले.

"उंचीचा अंदाज घेत होतो," ते म्हणाले.

त्यासाठी डोळे मिटून हात जोडावे लागतात, हे मात्र मला तोवर माहीत नव्हतं.