नानांना पाण्याचा अंदाज होता

नाना गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिली रविवारी सकाळी, त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या फोनवरून. "बाई, हे नदीवरनं आले न्हाईत अजून... मानसं पळत्यात तिकडं," एवढं त्या बोलल्या आणि कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला. दुसरी मंगळवारच्या पेपरात, आतल्या पानावर, चार ओळींची. कोल्हार येथे प्रवरेच्या पात्रात मासे धरण्यासाठी गेलेल्या निवृत्त सैनिकाचा पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू. पहिल्या बातमीने मी रडले. दुसरीने माझं डोकं फिरलं, ते सात आठवडे झाले तरी ताळ्यावर आलेलं नाही, आणि यावं अशी माझी इच्छाही नाही.

पाण्याचा अंदाज न आल्याने! हे वाक्य लिहिणाऱ्याने नानांना एकदा तरी नदीत उतरताना पाहायला हवं होतं.

नाना फौजेत शिंपी होते. हिमाचलात असताना त्यांच्या एका साहेबाला मासे धरायचा नाद होता, पण गांडूळ लावून नव्हे. पिसं आणि रंगीत दोरा गुंडाळून गळाची खोटी माशी करायची, आणि लांब, लवचीक काठीने, म्हणजे रॉडने, ती पाण्यावर अशी टाकायची की माशाला खराच किडा पडल्यासारखा वाटावा. माश्या बांधायला नानांचा शिंप्याचा हात कामी आला. निवृत्तीच्या वेळी साहेबाने आपला जुना रॉड त्यांना देऊन टाकला. तो घेऊन नाना कोल्हारला परतले, आणि सगळ्या गावाला हसायला एक विषय मिळाला.

मीही हसलेच होते. इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून बदली होऊन आले तेव्हा सकाळी नदीकाठी फिरायला जायची. गुडघाभर पाण्यात उभा राहून एक म्हातारा हवेत नुसतीच दोरी मागेपुढे करतोय, हे बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, मासे पाण्यात असतात." त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "हसून झालं आसंल तर इकडं या आन् धरून बघा," म्हणाले. मी धरला. दुसऱ्याच झटक्याला दोरी माझ्याच गळ्याभोवती गुंडाळली गेली. नशिबाने तेव्हा टोकाला गळ नव्हता, लोकरीचा तुकडा होता. नवख्याच्या हातात पहिला महिनाभर गळ द्यायचा नाही, असा त्यांचा नियम.

तो महिना मी शाळेच्या मैदानावर काढला. शाळा सुटल्यावर, वाळक्या गवतावर. नाना पेपरची घडी माझ्या काखेत ठेवायचे. ती पडली की हात अंगापासून फार लांब गेला, पुन्हा पहिल्यापासून. मला सारखी घाई. दोरी मागे गेली रे गेली की मी पुढे झटकायची आणि ती पायाशी ढीग होऊन पडायची. "बाई, मागं गेलेली दोरी सरळ हू द्या की. तिला येळ द्या. तुमी पोरांना बी आसंच शिकविता का?" मी चिडायची. चिडले की दोरी आणखी वाईट पडायची, आणि नाना बसून विडी ओढायचे, माझा राग निवेपर्यंत.

पाण्यात उतरायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांची थट्टा बंद झाली. त्यांच्याकडे एक वेळूची काठी होती. तिच्यावर त्यांनी लाल दोऱ्याच्या तीन पट्ट्या गुंडाळल्या होत्या, शिंप्याच्या सफाईने, एकसुद्धा दोरा सुटलेला नाही. एक गुडघ्याशी, एक मांडीशी, एक कमरेशी. आधी काठी, मग पाय. थांबायची जागा ठरली की काठी शेजारी तळात घट्ट रोवायची, आणि मगच दोन्ही हातांनी रॉड धरायचा. "दुसऱ्या पट्टीच्या वर पानी आलं, की माघारी. मासा दिसूंदे न्हाईतर सोनं दिसूंदे." एकदा अकोल्याच्या बाजूला, भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला आम्ही एसटीने गेलो होतो. स्वच्छ वाहतं पाणी, खडकाआड मासे दिसत होते. माझा पहिला मासा मला तिथे लागला, वीतभर, चंदेरी. हरखून मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं, काठी न टाकता. नानांनी मला दंडाला धरून काठावर आणलं आणि रॉड गुंडाळून ठेवला. लोणीच्या स्टँडवर चहा घेताना फक्त म्हणाले, "तुमी बुडाल्या आस्त्या तर मी तुमच्या शाळंतल्या पोरांना काय तोंड दाखविलं आस्तं?"

या माणसाला पाण्याचा अंदाज आला नाही म्हणे.

त्या रविवारी मला पेपर तपासायचे होते. "नाना, आज तुम्हीच जा," असं मीच सांगितलं. मी शिकायला लागल्यापासून एकट्याने उतरू नये हाही त्यांचाच नियम, आणि तो त्यांनी मोडला, म्हणून त्यांच्यावरही मी रागावलेली आहे. बारा वाजता मी नदीवर पोचले तेव्हा माणसं शोधत होती. काठापासून वीस पावलांवर नानांची काठी उभी होती, तळात रोवलेली. पाणी पहिल्या पट्टीपाशी होतं. गुडघाभर. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग एकाने ती काठी उपटली आणि तिनेच पुढचं पाणी ढवळायला सुरुवात केली. काठी पुढे अख्खी आत गेली, हातासकट.

नाना सापडल्यावर हवालदारांनी पंचनामा केला. "बाई, तुम्ही सरकारी नोकर, पंच म्हणून बऱ्या." कागदावर वस्तू आल्या: रॉड एक, टोपी एक, चपलांचा जोड एक, माश्यांची प्लास्टिकची डबी एक. काठी आली नाही. ज्याने शोधायला वापरली त्याने ती काठावर टाकली होती, आणि पडलेल्या काठीला वस्तू कोण म्हणतो? खाली लिहिलं होतं, पाण्याचा अंदाज न आल्याने. मी सही केली.

दहा दिवसांनी धरणाचं आवर्तन, शेतीसाठी सोडलेलं पाणी, बंद झालं, पाणी ओसरलं आणि खड्डा उघडा पडला. नदीला असा खड्डा पडत नाही. सरळ कापलेल्या भिंती, त्यांवर यंत्राच्या बकेटीच्या दातांचे ओरखडे, आणि वरची कड आतून पोखरलेली. वरून वाळूचा घट्ट तळ, खाली काही नाही. नाना त्या कडेवर उभे होते, आणि ती त्यांच्यासकट खाली गेली; काठी रोवली होती तेवढा तळ राहिला. त्या दिवशी काठावरून उचलून आणलेली काठी मी खड्ड्याच्या तळाशी उभी केली. तीन पट्ट्या, वरची मूठ, आणि त्याच्याही वर हातभर भिंत. कुणी खणलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही.

मी फोटो काढले आणि काठी घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार चांगले वागले, खुर्ची दिली. "बाई, आता याचा काय उपयोग? नाना परत येणार आहेत का?"

"नाना नाही. पण ते वाक्य मागे घ्या."

"सही तुमचीच आहे. तेव्हा वाचलं नव्हतं का?"

"वाचलं होतं."

"मग?"

तिथे मी फोटो गोळा केले आणि उठले. उत्तर इथे देते. वाळूचे ट्रॅक्टर आमच्या शाळेच्या भिंतीला लागून जातात. दोन वर्षं जात आहेत. धूळ येते, आवाजाने शिकवता येत नाही, म्हणून मी मुलांना सांगायची, खिडक्या लावून घ्या रे. दोन वर्षं मी खिडक्या लावून घेतल्या. त्या कागदावरही मी तेच केलं. ज्या लोकांनी खड्डा खणला त्यांचा मला संताप येतो, ज्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं त्यांचा येतो... आणि त्या यादीत माझं नाव खालच्या टोकाला नाही.

माझा पुरवणी जबाब शेवटी घेतला गेला. तिसऱ्या खेपेला. त्याचं पुढे काय होईल ते माहीत नाही. काठी द्यायला मी काकूंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "रॉड ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. काठी तुमी ठिवा. तुमाला लागंल."

लागते. वर्गाच्या रस्त्याकडच्या खिडकीचं दार वाऱ्याने आपटून बंद व्हायचं, ते आता होत नाही. नानांची काठी मी त्याला टेकू म्हणून लावली आहे. धूळ आत येते, मुलं खोकतात, पट्ट्यांचा लाल दोरा पार मातकट झालाय. ट्रॅक्टर आला की मी शिकवणं थांबवते आणि वहीत त्याचा नंबर लिहिते. बहुतेकांना नंबरप्लेट नसते. मग मी वेळ लिहिते.