लाटांच्या हौदातला नारळ

आधीच सांगून टाकते, ही पोस्ट रागात लिहिते आहे. तीन आठवडे थांबले. म्हटलं डोकं शांत होऊ दे, मग लिहू. ते काही झालं नाही. तेव्हा ज्यांना 'सहकुटुंब धमाल' छाप काहीतरी वाचायचंय, त्यांनी दुसरीकडे बघावं.

जायचं काढलं अनूनं, माझ्या लेकीनं. दहा वर्षांची आहे. मैत्रिणीच्या मोबाईलवर वॉटरपार्कचा व्हिडिओ बघून आली आणि दोन दिवस डोकं खाल्लं. मी औंढ्यात शाळेत शिकवते, मे महिना म्हणजे सुट्टी, त्यामुळे वेळ नाही हे कारण चालेना. माझा नवरा दिलीप म्हणाला, "एवढ्या उन्हात कशाला? घरी कूलर आहे, त्याच्यापुढं बसा." विषय तिथंच संपला असता. पण माझी माय जवळा बाजारहून चार दिवस राहायला आली होती, ती भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. तिनं विचारलं, "केवढं पाणी असतंय गं तिथं?"

"लई मोठ्ठा हौद असतो आजी. त्यात लाटा येतात," अनू म्हणाली.

मायनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मंग म्याबी येते. मला पोहायचंय."

मी हसले. चौसष्ट वर्षांची बाई, नऊवारी नेसणारी, गुडघे कुरकुरतात, आणि म्हणे पोहायचंय. पण ती काही गमतीनं बोलत नव्हती.

रविवारी सकाळी सातला निघालो. पार्क वसमतच्या पुढे आहे, नांदेडच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात मी कशाला करू? औंढ्याहून वसमतला सरळ रस्ता आहे, पण माय म्हणाली, "हट्ट्यावरून घ्या जावईबापू, मपलं माहेर दिसंल." दिलीप डिझेलच्या नावानं पुटपुटला, पण सासूपुढं काय बोलतो! गाडी जवळ्याकडे वळली. रस्ता बराच बरा आहे, मधे एक तुकडा उखडलेला, तिथं सावकाश चालवा. दोन्हीकडे नांगरून टाकलेली रानं आणि वर नुसतं पांढरं ऊन.

हट्टा जवळ आलं तशी माय खिडकीला चिकटली. "ते लिंबाचं झाड दिसलं का? त्याच्या मागं आमची हीर." हीर म्हणजे विहीर. मग तिनं जे सांगितलं, ते मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माय पोहायची. नुसती पोहायची नाही, गावातल्या पोरींना शिकवायची. कंबरेला वाळका भोपळा बांधायचा, दोर आपल्या हातात ठेवायचा आणि पोरीला द्यायचं ढकलून. काष्टा मारून वरच्या पायरीवरून उडी घेतली की तळाचा गाळ हातात घेऊनच वर यायची.

"मग सोडलं काहून?" मी विचारलं.

"लग्न झालं. जवळ्याला नवीन हुते. उन्हाळ्यात तिथल्या हिरीत उतरले एक डाव. तुझी आजी, मपली सासू, काठावर येऊन वरडली, 'लोकं पाहून राह्यलेत, निघ भाएर!' निघाले. मंग न्हाई उतरले कधी."

अनूनं विचारलं, "आजी, मला शिकवशील?"

"आजच शिकवते की," माय म्हणाली. आणि सगळा रस्ताभर ती अशी खुशीत होती, की मला तिच्या तोंडाकडे बघायलाच मजा वाटत होती.

आता पार्क. जाणार असाल तर कान उघडे ठेवून ऐका. मोठ्यांना सहाशे, लेकरांना साडेचारशे, लॉकरचे वेगळे, गाडी उन्हात लावायचे वेगळे. दारावर पिशव्या उचकटतात. आमचे धपाटे, ठेचा, दही, सगळं काढून एका लोखंडी मांडणीवर ठेवलं, भर उन्हात. "बाहेरचं खाणं अलाऊड नाही." आत दोन वड्यांना ऐंशी रुपये घेतात आणि वडे कालचे असतात. माझी त्या गार्डशी तिथंच जुंपली. म्हटलं, दही नासलं तर भरून देणार का? तो म्हणाला, "मॅडम, रूल आहे." पिशवीच्या तळाशी एक नारळ आणि हळदी-कुंकवाची पुडी निघाली. गार्डनं मायकडे बघितलं.

"देवाचा हाये रं बाबा," माय म्हणाली.

त्यानं नारळ गुपचूप परत ठेवला. धपाटे चालत नाहीत, देवाचं चालतं. मलाही वाटलं, येताना कुठं देऊळ लागलं तर फोडायला घेतला असेल.

पुढं कपड्यांची खिडकी. तिथल्या पोरीनं मायकडे वरून खाली बघितलं. "साडी नाही चालत. नायलॉनचा कॉस्च्यूम लागतो. भाडं दीडशे, डिपॉझिट दोनशे."

"अहो, ही नऊवारी आहे, काष्टा आहे. पँटच झाली की ती!"

"कॉटन चालत नाही मॅडम. फिल्टरमध्ये धागे अडकतात."

माझा आवाज चढायला लागला. मागची लाईन खोळंबली, दिलीप "जाऊ दे ना, जाऊ दे ना" करायला लागला, त्यानं तर मी आणखीनच पेटले. तेवढ्यात मायनं खिडकीतून हात घालून ते निळं बोचकं ओढून घेतलं. "आण इकडं. पाण्यात शिरायचं तर त्यायचं ऐकावं लागतंय. उगं तकलीफ नको कुणाला."

कपडे बदलून ती बाहेर आली. निळा टी-शर्ट, पोटरीपर्यंतची पँट. जन्मात पहिल्यांदा. टी-शर्ट खाली ओढत, खांद्यावर टॉवेल घेऊन, खाली मान घालून ती हौदापर्यंत चालली. पन्नास-साठ पावलं असतील. ती पावलं टाकायला तिला काय काय गिळावं लागलं असेल, हे मला तेव्हा दिसलं नाही. मी अनूच्या केसांची टोपी शोधत होते.

लाटांचा हौद बरा आहे, खोटं कशाला बोलू? उतरत्या अंगणासारखा, काठावर घोट्याएवढं पाणी आणि पार टोकाला पाच फूट. मी आणि अनू पुढं गेलो, पोटापर्यंत. दिलीप घसरगुंडीच्या लाईनीत. शंभर-दीडशे लोक असतील पाण्यात. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या, सगळे किंचाळले. आणि त्या लाटांवर डुचमळत एक नारळ आला.

अख्खा, शेंडीवाला, कुंकू लावलेला नारळ.

एका पोराच्या डोक्याला लागला. त्यानं उचलून मित्राकडे फेकला, मित्रानं तिसऱ्याकडे. हशा. मग शिट्ट्यांवर शिट्ट्या. लाटा बंद. माईकवरून आवाज आला, "नारियल किसने डाला है? बाहर आइए! किसका है नारियल?"

मी वळून बघितलं. माय काठावर, घोट्याएवढ्या पाण्यावर वाकलेली होती. तिच्यापुढं पाण्यावर हळदीचा पिवळा डाग पसरत होता. डोळे मिटून हात जोडलेले. नव्या पाण्यात उतरताना पाण्याला हळदी-कुंकू वाहायचं, नारळ सोडायचा, मग पाय घालायचा, ही आमच्याकडची रीत. गोदावरी असो नाहीतर कुणाची विहीर. आता पाणी नळाचं आहे, फिल्टरचं आहे, तिकिटाचं आहे, हे तिला कसं कळावं? तिच्या लेखी पाणी म्हणजे पाणी.

हौदावरचा गार्ड धावत आला. "ओ मावशी! पाणी खराब केलं ना! कचरा टाकता काय?" चार-पाच मोबाईल वर झाले. कुणीतरी म्हणालं, "आरती पण करा आजी." पुन्हा हशा.

त्या पाण्यात दीडशे माणसं घामासकट शिरलेली, लेकरं त्यातच काय काय करत होती, एक जण चक्क गुटखा तोंडात धरून डुंबत होता. त्यांना कुणी शिट्टी मारली नाही. चिमूटभर हळदीनं पाणी खराब झालं! हे सगळं मी गार्डला म्हणाले. कडाडून म्हणाले. पण ते नंतर. आधी मी काय केलं ते लिहिते, कारण त्याच्यासाठीच ही पोस्ट आहे.

मी पाणी कापत काठाकडे आले आणि सगळ्यांसमोर मायवर ओरडले. "कळत न्हाई का तुला काही? लोकं पाहून राह्यलेत! निघ भाएर!"

मायनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. टॉवेल उचलला आणि गेली.

मी गार्डशी भांडून, मॅनेजरला बोलावून, मोबाईलवाल्यांना झापून तिच्यामागं गेले, तोवर ती लुगडं नेसून कपड्यांच्या खिडकीपाशी उभी होती. पोरीनं पँट उलटी-सुलटी करून बघितली. "हे तर कोरडंच आहे मावशी. पाण्यात गेल्याच नाही का?"

"न्हाई," माय म्हणाली.

मी विनवलं. म्हटलं, चल, मी आहे, कोण काय बोलतं बघते. ती सावलीतल्या बाकावर जाऊन बसली ती चारपर्यंत उठली नाही. अनू दोनदा बोलवायला गेली, "आजी, शिकव ना." तिनं अनूचं डोकं पुसून दिलं आणि परत पाठवलं. निघताना दारावरच्या गार्डनं हौदातून काढलेला नारळ पुढं केला. मायनं हात मागं घेतला. "पाण्याला दिला तो. दिलेला परत घेत न्हाईत." मी घेतला. धपाटे कडक झालेले, दही नासलेलं. ते मी मांडणीवरच ठेवलं, खाऊ दे त्यांनाच.

येताना सरळ रस्त्यानं आलो. वसमत सोडल्यावर मागच्या सीटवरून अनू म्हणाली, "मम्मी, आजीच्या सासूनं पण असंच म्हणलं होतं ना? निघ भाएर?"

दिलीपनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

पार्कला जायचं का, असं तुम्ही विचाराल. लेकरांना आवडतं, जा. सकाळी दहाला पोचा, घरून पोटभर जेवून जा, नायलॉनचे कपडे आपले न्या. मला त्या पार्कचा राग आहेच. त्या गार्डचा आहे, हसणाऱ्यांचा आहे. पण त्या सगळ्यांचं ऐकून माय पाण्याजवळून निघाली नसती, एवढं मी तिला ओळखते. ती निघाली माझ्या बोलण्यावरून. लेकीला सासूच्या तोंडचं बोलताना ऐकून निघाली. चाळीस वर्षांची होऊन, मास्तरीण होऊन मी एवढंच शिकले. या रागाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हट्ट्याला मामेभावाला फोन लावला. विहीर आहे का अजून? तो म्हणाला, "हाये की ताई. यंदा पाणीबी बराबर हाये. आत्याला घिऊन ये, पायऱ्या झाडून ठिवतो." मी उड्या मारतच मायकडे गेले. सांगितलं. म्हटलं, माय, चुकलं माझं. काष्टा मार, उडी मार, जे करायचं ते कर. मी स्वतः नेते तुला.

ती शेंगा फोडत होती. हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"जाते," ती म्हणाली. "अनूला संगं दे. जावईबापूला म्हण गाडी काढा." मग सूप पाखडलं, फोलपटं उडवली. "तू नगं येऊस पण."

दिलीपला सवड मिळेपर्यंत माय आमच्याकडेच थांबली, आणि ते तिघं परवा जाऊन आले. नारळही मायनं मागून नेला, म्हणाली तो पाण्याचाच आहे. अनू ओल्या केसांनी घरात शिरली ती ओरडतच, "मम्मी, आजीनं वरच्या पायरीवरून उडी मारली!" हातात सुकत आलेला गाळ होता तिच्या, आजीनं तळातून आणून दिलेला. बाकी मला त्या दिवसाचं काहीच लिहिता येत नाही. मी घरी होते.