अकरा घरांचं गाव

हिरोशिमाच्या योकोगावा बाजारात शिगेयोबाईंचं केस करायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, आणि बायकांच्या जिभा सैल करणारा गरम चहा. लग्न ठरवण्याआधी मुलीच्या आळीत चौकशी करायची, ही तिकडची रीतच. मध्यस्थ बाई आधी तांदूळवाल्याकडे जायची, मग सार्वजनिक न्हाणीघरात, आणि शेवटी केस करणारीकडे, कारण आळीतलं प्रत्येक डोकं तिच्याच हाताखालून गेलेलं असायचं. मुलगी आळशी आहे का, घरात कुणाला क्षय होता का, असं सगळं विचारून झालं की पाहुणी पेला खाली ठेवायची आणि आवाज उतरवून म्हणायची, "आणि पिकाच्या सकाळी ती कुठे होती?"

पिका म्हणजे तो लखलखाट. बॉम्बला तिथली माणसं तेच म्हणत.

शिगेयोबाईंचं उत्तर दहा वर्षं तयार होतं. "ती? ती कामिओसेला होती, मामाकडे. डोंगरापलीकडे." चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्या थाप मारत आणि मुली उजवल्या जात. याचा त्यांना पश्चात्ताप तर नव्हताच, उलट अभिमान होता.

थापा मारायला त्या काही जन्मतः शिकल्या नव्हत्या. त्या सकाळी त्या चोवीस वर्षांच्या होत्या, पक्क्या भिंतीच्या आडोशाला, स्फोटापासून मैलभरावर. शेजारी त्यांची मैत्रीण किकुनो. दोघींना ओरखडाही आला नाही. दोघी हसल्यासुद्धा, सुटलो म्हणून. पंधराव्या दिवशी शिगेयोबाईंनी केसांतून फणी फिरवली आणि फणीबरोबर झुपकाच हातात आला. मग हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, ताप. किकुनो विसाव्या दिवशी गेली. शिगेयोबाई उरल्या. दिवाळं निघालेल्या डोक्याला फडकं बांधून त्या हिवाळ्यापर्यंत बसल्या, आणि मग एक दिवस टाळूला हात लावला तर खरखरीत लागलं. केस परत येत होते! त्या दिवशी त्या जेवढ्या रडल्या तेवढ्या स्वतःच्या लग्नातही रडल्या नाहीत.

पुढे वाचलेल्यांची तपासणी करणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना त्यांनी खोदून खोदून विचारलं. डॉक्टर म्हणाले, बॉम्बचे ते किरण दिसत नाहीत, जाणवतही नाहीत, पण अंगात जिथे रोज नवं घडत असतं तिथे आधी घाव घालतात: केसांची मुळं, आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज जिथे रक्त बनतं. मगज सावरला तर माणूस सावरतो, नाही तर साध्या तापानेही जातो. हे शिगेयोबाईंना तोंडपाठ होतं. पण चौकशीला येणाऱ्या बाईला मगज कोण समजावत बसणार? त्यापेक्षा कामिओसे सोपं.

एकसष्ट सालच्या वसंतात मात्सुएहून मध्यस्थ तानिमुराबाई आल्या. चौकशी होती नाओएची. पलीकडच्या आळीतली, बावीस वर्षांची, शिवणकाम करणारी. पिकाच्या वेळी सहा वर्षांची होती आणि तिचेही केस गेले होते. शिगेयोबाईंनी त्या वेळी तिच्या डोक्याला स्वतःच्या हाताने फडकं बांधलं होतं. मुलगा शाळामास्तर, आणि नाओएचा जीव त्याच्यावर जडलेला. हे स्थळ मोडलं तर ती दुसरं बघणार नव्हती.

"ती? ती कामिओसेला होती," शिगेयोबाई म्हणाल्या.

तानिमुराबाईंनी पेला शांतपणे खाली ठेवला. "शिगेयोबाई, मी या कामात वीस वर्षं आहे. तुमच्याकडून हे गाव मी चौथ्यांदा ऐकतेय, आणि माझ्या ओळखीच्या बायकांनी आणखी कितीदा तरी ऐकलंय. येता येता मी उतरले तिथे. अकरा घरं आहेत. तुमच्या हिशेबाने त्या सकाळी तिथे पन्नास मुली होत्या. झोपत कुठे होत्या हो, झाडावर?"

शिगेयोबाईंचं पितळ असं उघडं पडलं.

"उद्या दुपारच्या गाडीने मी परत जाणार," तानिमुराबाई उठत म्हणाल्या. "तोवर खरं काय ते आठवलं तर सांगा. मुलाच्या आईला खोटं सांगून मी माझी जीभ विटाळणार नाही."

शिगेयोबाईंनी दुकान बंद केलं आणि थेट नाओएकडे गेल्या. "पोरी, माझ्या थापेने घात केला. आता खरं सांगायचं की गप्प बसायचं, हे तू सांग. डोकं तुझं आहे."

नाओएने शिवण बाजूला ठेवली. "मावशी, त्या कामिओसेला नदी आहे का हो?"

"मला काय ठाऊक! मी कधी गेलेय?"

"मीही नाही. आणि जन्मभर सासूने विचारलं की सांगायचं, मामाच्या घराला अंगण होतं, विहीर होती." ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले. "सांगा खरं. नाही म्हणाले तर म्हणू देत."

दुसऱ्या दिवशी शिगेयोबाईंनी तानिमुराबाईंना खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या केसांतले आकडे काढून टाकले. "ती इथेच होती. मीही इथेच होते. हात लावा, लावा की! हे सगळे गेले होते, मुळापासून. तिचेही. हा रोग नाही, कुणाला लागत नाही. रक्ताचा कर्करोग काहींना झाला, वर्षं गेल्यावर, आणि पुढे आणखी कुणाला काय होईल ते डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. म्हणून आम्ही रक्त तपासत राहतो. तिचं आजवर ठीक आलंय. राहिली मुलं. इथे जन्मलेली हजारो बाळं डॉक्टरांनी तपासली, इतर ठिकाणच्यापेक्षा वाईट काही सापडलं नाही. माझी दोन आहेत, धाकटा आत्ता तुमचीच चप्पल लपवून पळालाय. आता सांगा जाऊन."

तानिमुराबाईंनी खरंच हात लावला. मग चप्पल शोधून त्या गेल्या.

तीन आठवडे काही कळलं नाही. नाओए रोज दुकानावरून जायची आणि आत बघायची नाही. शिगेयोबाईंनी त्या दिवसांत दोन गिऱ्हाइकांचे केस चुकीचे कापले. आणि मग तानिमुराबाईंचं पत्र आलं. मुलाच्या आईचा होकार होता, पण एक अट होती: नवरीने केसांचा टोप घालायचा नाही, अंबाडा स्वतःच्या केसांचा हवा.

"बघायचंय त्यांना," नाओए म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"बघू देत," शिगेयोबाई गुरगुरल्या. "डोळे दुखेपर्यंत बघू देत."

हल्ली सगळ्या नवऱ्या टोपच घालत, त्यामुळे खऱ्या केसांचा अंबाडा बांधायची विद्या आता थोड्याच हातांत उरली होती. लग्नाच्या पहाटे मात्सुएला शिगेयोबाईंनी चार तास उभ्याने काम केलं. मेण, गरम पाणी, फण्या. एकही उसना केस घातला नाही.

समारंभात त्या कोपऱ्यात फणी घेऊन बसल्या. मुलाकडची एक आत्या पुढे झुकून म्हणाली, "टोप काय झकास बसलाय हो."

मुलाची आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टोप नाही तो. तिचे स्वतःचे केस आहेत. हिरोशिमात गेले आणि हिरोशिमातच परत आले. ज्याला काही विचारायचं असेल त्याने मला आत्ता विचारा, मागून नको."

कुणी काही विचारलं नाही. शिगेयोबाईंनी तोंडाला बाही लावायचीही तसदी घेतली नाही, सरळ रडल्या.

पुढच्या आठवड्यात दुकानात नवी पाहुणी आली. तिने पेला खाली ठेवला आणि आवाज उतरवला.

"ती? ती इथेच होती," शिगेयोबाई मोठ्याने म्हणाल्या. "बसा, आणखी चहा घ्या. सगळं सांगायला थोडा वेळ लागेल."