निळा दिवा

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि ती तर त्या संध्याकाळी लॅपटॉप धरून समोरच उभी होती. तुम्हाला सांगतो. बसा आरामात — गोष्ट छोटी आहे, आणि तिच्यात मी बराच शोभून दिसतो. निदान निम्म्यापर्यंत.

दुबईशेजारच्या अजमानमध्ये, आमच्या घरच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी गाणं ऐकायला माणसं जमतात. साधं नव्हे — हाय-रेझोल्यूशन! एकेक डाउनलोड नव्वद दिरहमचं. म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर. ते वाजवायला एक छोटा काळा डबा, दोन उंच स्पीकर, आणि मी. माझं काम काय? गाणं सुरू झालं की हात वर करायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "ऐका — तंबोऱ्यामागची हवा ऐका!" मग सगळ्यांना ती हवा ऐकू यायची. कला आहे ही, उगाच नाही.

मला स्वतःला यायची का? थांबा, येतो त्यावर.

आमच्यात परब यायचा. मालवणकडचा, दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये सुतार. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. पेटीचा एक सूर ऐकायचा, हातोडीचे चार ठोके — पखवाज लागला. कधी कुणाला विचारावं लागलं नाही त्याला. त्या रविवारी चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "खरं सांगू काय, साहेब? मोबाइलवरचं आणि हे — मला दोन्ही सारखंच वाटतं."

अख्खा हॉल त्याच्याकडे वळला. माझा हॉल!

मग काय, परीक्षाच लावली. एकच ठुमरी, दोन फाइली — एक साधी, एक महागडी. बायको मनाला येईल ती लावणार, आम्ही ओळखायची. "डोळे मिटा, लबाडी नको," ती म्हणाली. "आणि यल्ला, चला पटपट, पोळ्या राहिल्यात माझ्या."

परब आधी. दहापैकी चार बरोबर. मग मी. दहापैकी दहा! टाळ्या, शिट्ट्या — काय सांगू तुम्हाला!

आता ऐका. त्या काळ्या डब्याला मुगाएवढा दिवा आहे. साधी फाइल लागली की हिरवा, महागडी लागली की निळा. डबा माझ्या पाठीमागे आहे, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. समोर शोकेसची काच आहे, हे कुणी पाहिलं? मी पापण्या मिटल्या — पण पुऱ्या नाही. परबनं पुऱ्या मिटल्या होत्या.

इथवर गंमतच, नाही का? इथंच थांबलो असतो तर हे सांगावं लागलं नसतं. पण टाळ्या वाजल्या की मला अजून हव्या असतात. मी परबच्या खांद्यावर हात टाकला. म्हणालो, "अरे, बारा वर्षं करवतीशेजारी उभा आहेस. कान गेले तुझे, परब! पखवाज तरी कसा लावतोस?"

काय हसले सगळे! तोही हसला. मग हळूच त्यानं आपल्या कानाची पाळी चोळली.

दुसऱ्या दिवशी घरात एकटा होतो. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली, फाइली उलटसुलट वाजतील अशी सोय केली, आणि पहिल्यांदाच — खरोखर — ऐकलं. दहापैकी पाच. पुन्हा ऐकलं. चार. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. तो फरक माझ्या कानांना कधी कळलाच नव्हता. ती हवाही नाही. परब खरं बोलला होता. फोन समोरच पडला होता. केला का मी? नाही. पट्टी काढली.

पुढच्या भजनाला परब पखवाज घेऊन माझ्यापाशी आला. "साहेब, लागलाय काय बघा ना जरा. माझ्या कानांचा आता काय भरवसा नाय."

मी काय केलं असेल? कान लावला. डोळे मिटले.

तीन वर्षं झाली. दर भजनाला आणतो. बहुतेक वेळा मी "उत्तम" म्हणतो. पण नेहमीच उत्तम म्हटलं तर मी जाणकार कसला? म्हणून गेल्या वेळी म्हणालो, "किंचित उतरलाय."

मला काहीही कळलेलं नव्हतं.

परबनं पखवाजाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हातोडी उचलली आणि बरोबर लागलेला पखवाज माझ्या शब्दावर चढवला. पहिल्याच अभंगाला पेटीवाल्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. परबनं मान खाली घातली.

मी टाळ वाजवत राहिलो.