आळ कोळंबीवर

दहिसरला माझ्या ताईच्या सासरी अंगावर काहीही उठलं की गुन्हेगार ठरलेला असतो. बांगडा, कोळंबी, नाहीतर सुकट. मूळचे मालवणचे, मासळीशिवाय यांच्या घशाखाली घास उतरत नाही आणि खापरही तिच्यावरच फोडायचं. मग आमसूल भिजत घालायचं, ते पाणी अंगाला चोळायचं, पित्त बसतं. खरंच बसतं, हीच तर पंचाईत.

ताईच्या गालाची नस ठणकायची. डॉक्टरांनी फिट्सवर देतात ती गोळी सुरू केली. कळ थांबली, घर खूश. दोनेक आठवड्यांनी तिला ताप आला, घसा धरला, डोळे लाल झाले, मग छातीवर चट्टे. फोनवर म्हणाली, "अगं, तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा गिळवत नाही." मी तशीच मुलुंडहून निघाले.

पोचले तर तिची सासू आमसुलाच्या पाण्याची वाटी घेऊन बसलेली. मी तिला मावशी म्हणायचे, प्रेमाने नव्हे, सवयीने. "पित्त उठला गो, दुसरा काय? परवाची कोळंबी बाधली तिका."

"मावशी, मला जन्मभर पित्ताचा त्रास आहे. पित्ताला खाज येते. ताई, तुला खाजतंय का?"

"दुखतंय गं. गाऊन टेकला तरी दुखतंय."

"तू काय डॉक्टर आहेस?" हे भावोजी, तिचा नवरा. माझ्यासमोर त्यांनी ती गोळी चमच्यात चुरली, मधात कालवली आणि तिच्या फोडांनी भरलेल्या तोंडात घातली. म्हणे कोर्स अर्धा सोडायचा नसतो! कोळंबी बंद, गोळी चालू. डोंबल तुमचं शहाणपण!

मावशीने तिचा दंड चोळायला घेतला आणि बोटांखालची कातडी सरकली, दुधावरची साय सरकते तशी. ताई किंचाळली. मी वाटी हिसकावून मोरीत फेकली आणि भावोजींना म्हटलं, रिक्षा आणा, नाहीतर मी सगळी चाळ गोळा करते.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी तिचं तोंड बघितलं, डोळे बघितले आणि विचारलं, "नवीन औषध कुठलं सुरू झालंय?" भावोजी छाती काढून म्हणाले, "एकही गोळी चुकवली नाही मॅडम. आजची तर चुरून दिली."

"ती आत्ता बंद. बाकीचे उपचार त्यानंतर." मग त्या आम्हा दोघांवर बरसल्या. नवीन गोळीनंतर ताप, तोंडात फोड, लाल डोळे, दुखरे चट्टे असं दिसलं की घरी बसायचं नसतं, हे कळत नाही का? ताईला भाजलेल्यांच्या वॉर्डात नेलं. सलाईन, मलमपट्ट्या, रोज डोळ्यांचे डॉक्टर. जगेल का, विचारलं तर कोणी सरळ उत्तर देईना. ती गोळी आता तिला आयुष्यात कधीच द्यायची नाही, एवढंच ठासून सांगितलं.

जगली. कातडी आली, डागांसकट. डोळ्यांचं मात्र वाटोळं झालं. त्यांत अश्रूच तयार होत नाहीत. सारखे थेंब घालावे लागतात, नाहीतर वाळू गेल्यासारखं टोचतं.

गेल्या वर्षी मावशी गेली. अंथरुणाला खिळली होती, सगळं ताईनेच केलं. मी असते तर केलं नसतं, खोटं कशाला बोलू? मयताला बायका जमल्या, रडारड चाललेली, आणि भावोजींची बहीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सुनेच्या डोळ्यांत टिपूस नाही बघा. दगड आहे नुसती."

भावोजी शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि खाली बघितलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पर्समधून थेंबांची बाटली काढली, ताईची हनुवटी वर केली आणि सगळ्यांदेखत तिच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. ते गालांवरून ओघळले.

"घ्या, आलं पाणी," मी म्हटलं. "तिचं स्वतःचं कुठे गेलं ते तुमच्या भावाला विचारा."