रात्रीची गाडी थांबवणेबाबत

रात्रीची गाडी कायमची बंद करा, असा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्याखाली दोनशे अकरा गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या. पहिली सही माझीच.

खरं तर आम्हाला गाडी हवी होती. कोपरगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला स्टेशन आहे, फलाट आहे, बसायला बाकडंही आहे. पण मुंबईची रात्रीची गाडी कोरोनात इथे थांबायची बंद झाली ती झालीच. आता नुसती शिट्टी मारून जाते. याचा सगळ्यात मोठा फटका बसला आमच्या टेलरचाचांना. त्यांच्या उजव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते मुंबईच्या सरकारी दवाखान्यात मिळतं. सकाळची रांग गाठायची तर हीच एक गाडी. ती कोपरगावला थांबते, पण तिथपर्यंत त्या वेळेला रिक्षावाला येईना, म्हणून दोन इंजेक्शनं हुकली होती. आणखी एक हुकलं तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. डावा तर आधीच नावापुरता उरलेला.

तेव्हा अर्ज करायचं ठरलं. चाचांच्या दुकानात बैठक भरली आणि मी भाषण ठोकलं. काही मार्गांवर विमानात खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर कंपनीचा तोटा सरकार भरून देतं, असं मी पेपरात वाचलं होतं. तेवढंच भांडवल. पण एक ऊसवाले शेतकरी लगेच पेटले.

“आन आपल्या गाडीत पाय ठेवाया जागा न्हाई, तिला दोन मिनटं उभं ऱ्हायला सरकारला परवडंना व्हय?”

“पन विमान बंद करा म्हनू नका सर,” दुसरे म्हणाले. “पाव्हन्यास्नी आभाळात दाखवाया बरं पडतं.”

मी तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. अर्ज दुसऱ्या कुणी लिहिणं मला अपमानास्पद वाटलं. पहिल्या मसुद्यात ‘आमच्या स्टेशनवर’ हे शब्द पाच वेळा आले होते. पुनरुक्ती! मुलांचे निबंध तपासताना सवय जडलेली. लाल पेन घेतलं आणि पाचही ठिकाणी खोडले. उरलं ते असं : ‘विमानसेवेवर होणारा खर्च लक्षात घेता रात्रीची गाडी तात्काळ थांबवावी, ही नम्र विनंती.’ मला ते फार सुटसुटीत वाटलं. मी ते बायकोलाही वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिने मान हलवली, ती बहुधा पिठाकडे बघून असावी.

रेल्वेचे एक मोठे साहेब तपासणीला कोपरगावला आले, तेव्हा आम्ही सातजण जाऊन भेटलो. चाचा आणि चाची पुढे. साहेब मराठी होते, आणि तेच नडलं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

“कमाल आहे तुमच्या गावाची,” ते म्हणाले. “विमानाला पैसे कमी पडू नयेत म्हणून तुम्ही रेल्वे सोडायला तयार आहात?”

कुणाला काही कळेना. मग त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. सहा माना माझ्याकडे वळल्या.

“थांबवावी म्हणजे, साहेब, थांबा द्यावा या अर्थाने,” मी म्हणालो. “हे प्रयोजक क्रियापद...”

“अहो, विषयातही लिहिलंय, ‘गाडी थांबवणेबाबत’. हे मी वर पाठवलं असतं तर एका दिवसात मंजूर झालं असतं.”

चाचांचा चेहरा उतरला. मी क्रियापद समजावायला पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात चाची पुढे सरकल्या. चौथी शिकलेल्या, त्याही उर्दू शाळेत.

“साहेब, गाडी आमच्या स्टेशनावर दोन मिनटं उभी करा. ह्यांना चढवायचंय. ह्यांचा डोळा हाय. बाकी कायबी नको.”

साहेबांनी माझा अर्ज बाजूला सारला. कोरा कागद घेऊन चाची बोलल्या ते जवळपास तसंच लिहिलं आणि सह्या करायला आमच्यापुढे सरकवलं. ‘आमच्या स्टेशनावर’ त्यात दोनदा होतं.

पुढच्या इंजेक्शनला आठ दिवस उरले असताना पोस्टमनने दुकानात पाकीट आणून दिलं. मी वाचायला हात पुढे केला. चाचींनी पाकीट माझ्या बोटांवरून पोस्टमनकडे नेलं.

“तुमी वाचा, भाऊ.”

सहा महिन्यांच्या चाचणीवर दोन मिनिटांचा थांबा मंजूर झाला होता, येत्या सोमवारपासून. चाची खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. आता वातावरण हलकं करणं माझं काम, असं मला वाटलं.

“बघा चाचा,” मी म्हणालो, “शेवटी अर्जाचा उपयोग झालाच की नाही?”

चाचांनी मशीनवरून मान वर करून मला नीट बघून घेतलं.

“सर, साहेबांनी तुमचं ऐकलं न्हाई, म्हनून माझा डोळा वाचला.”